फेरारीची फजिती आणि रस्त्याचा हिशेब

२०२४ साल सरत आले असताना रायगड जिल्ह्यातील रेवदंड्याच्या किनाऱ्यावर एक प्रसंग घडला आणि त्याची चित्रफीत एक-दोन दिवसांत महाराष्ट्रभर पाहिली गेली. सहलीस आलेल्या मंडळींची एक फेरारी मोटार पुळणीत रुतून बसली होती. माणसांनी जोर लावून पाहिला, मोटार हलेना. अखेरीस एका बैलगाडीला दोर बांधण्यात आला, गाडीवानाने बैल हाकले आणि कोट्यवधी रुपयांची ती इटालियन मोटार बैलगाडीच्या मागोमाग मुकाट्याने वाळूबाहेर आली. फेरारीचे बोधचिन्ह म्हणजे मागच्या पायांवर उभा ठाकलेला घोडा. तिच्या इंजिनाची शक्ती चारशेहून अधिक घोड्यांची. एवढे घोडदळ हतबल व्हावे आणि त्याची सुटका बैलांनी करावी, यातील विनोद कोणाला समजावून सांगण्याची गरज पडली नाही.

वस्तुतः त्यात मोटारीचा दोष काहीच नव्हता. ज्या गुणांसाठी अशी मोटार विकत घेतली जाते त्याच गुणांनी तिचा घात केला. डांबरी रस्त्याला घट्ट धरून ताशी दोनशे-अडीचशे किलोमीटर वेगाने धावावयाचे तर मोटारीचे पोट जमिनीलगत असावे लागते; इतके की तिच्याखाली वीतभर जागाही उरत नाही. टायर रुंद पण बाजूने बुटके असतात आणि इंजिनाची सारी शक्ती बहुधा मागच्या दोन चाकांवर एकवटलेली असते. मोकळ्या वाळूत हेच गुण अवगुण ठरतात. चालक घाबरून ॲक्सिलरेटर दाबतो, मागची चाके गरगर फिरून स्वतःखालची वाळू उपसू लागतात, मोटार खाली खाली बसत जाते आणि एकदा तिचे पोट वाळूवर टेकले की चाकांवर पुरेसा भारच राहत नाही. मग शक्ती चारशे घोड्यांची असो की चार हजारांची. ती वाळू उडविण्याच्याच कामी येते. बैलाचा खूर मात्र वाळूत रुततो आणि रुतूनच पकड घेतो. संथपणे, न थांबता ओढीत राहणे, एवढेच तेथे हवे होते.

कोणत्याही साधनाची उपयुक्तता त्याच्या पूरक साधनांवर अवलंबून असते, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासही ठाऊक असते. पेनाला शाई लागते, पंपाला वीज लागते. शर्यतीच्या धाटणीच्या मोटारीला लागणारे पूरक साधन म्हणजे उत्तम रस्ता. आणि हे साधन तिच्या मालकाच्या मालकीचे नसते. ते सर्वांचे असते. अशा मोटारींच्या मालकांवर जगभर जे फजितीचे प्रसंग ओढवतात, त्यांतील बहुतेकांचे मूळ या एका गोष्टीत सापडते. म्हणूनच या प्रसंगांकडे करमणूक म्हणून पाहून झाल्यावर, थोडा वेळ हिशेब म्हणूनही पाहावयास हरकत नाही.

करमणुकीला अर्थात तोटा नाही. २०११ च्या उन्हाळ्यात मोनॅकोतील मोंटे कार्लोच्या सुप्रसिद्ध जुगारगृहासमोरील चौकात एका महिलेने आपली बेंटली मोटार नेली आणि काही क्षणांत ती एका मर्सिडीजला घासून फेरारीवर, ॲस्टन मार्टिनवर आणि पोर्शवर जाऊन आदळली. मोटारी एकमेकींत अशा अडकल्या की चालकाला दार उघडून बाहेरही पडता येईना. भोवती पर्यटकांची ही गर्दी. आणि प्रत्येकाच्या हाती कॅमेरा. त्याच वर्षी ४ डिसेंबरला जपानमध्ये शिमोनोसेकीजवळच्या द्रुतगती मार्गावर आलिशान मोटारींच्या मालकांचा एक तांडा एकामागोमाग एक चालला होता. रस्ता ओला होता. पुढच्या फेरारीचा तोल गेला, ती कठड्यावर आपटून फिरली आणि मागच्या मोटारी तिच्यावर येऊन धडकल्या. चौदा मोटारींचा तो ढीग. त्यांत आठ फेरारी, एक लॅम्बोर्गिनी, काही मर्सिडीज. सुदैवाने कोणाच्या जिवावर बेतले नाही. या ढिगात टोयोटाची एक साधी, पेट्रोल वाचविणारी प्रायस मोटारही सापडली होती. तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. पण या लेखाच्या दृष्टीने त्या चौदांतली सर्वांत महत्त्वाची मोटार तीच. तिच्याकडे पुन्हा वळावे लागेल.

अशा प्रसंगी लोक हसतात ते का? केवळ असूयेने हसतात असे म्हणून मोकळे होता येईल, पण ते पुरेसे उत्तर नाही. थॉर्स्टीन व्हेब्लेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १८९९ साली श्रीमंत वर्गाविषयीच्या आपल्या ग्रंथात दिखाऊ उपभोगाची कल्पना मांडली. काही वस्तू वापरासाठी घेतल्या जात नाहीत, आपली ऐपत इतरांच्या नजरेस पडावी यासाठी घेतल्या जातात, असा त्याचा आशय. ताशी तीनशे किलोमीटर धावू शकणारी मोटार मुंबईच्या पेडर रोडवर किंवा पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर सायकलच्या गतीने सरकते, तेव्हा तिच्या मालकाला वेगाचा उपभोग मिळत नसतो, हे उघड आहे. त्याला मिळत असतात त्या पदपथावरील लोकांच्या वळलेल्या माना. म्हणजे त्याने जी वस्तू विकत घेतलेली असते तिचा निम्म्याहून अधिक भाग लोकांच्या डोळ्यांत असतो. आता जे डोळे मिरवणूक पाहावयास बोलाविले, ते पडझड पाहावयाचे नाहीत काय? प्रेक्षक गोळा करणाऱ्याने प्रेक्षकांनी केव्हा पाहावे याची अट घालता येत नाही. साध्या मोटारीचे चाक रेवदंड्याला रुतले असते तर चार माणसांनी ते बाहेर काढले असते आणि संध्याकाळपर्यंत सारे विसरले असते.

लोकांच्या या डोळ्यांनी एका मालकाला थेट तुरुंगात पाठविल्याचे उदाहरण आहे. नोव्हेंबर २००९ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात, गॅल्व्हस्टनच्या वाटेवर, एक बुगाटी व्हेरॉन रस्ता सोडून खारफुटीच्या उथळ पाण्यात शिरली. मालकाने सांगितले की, एक पाणकोळी पक्षी अगदी खालून उडत आला, आपण दचकलो, हातातील फोन पडला आणि मोटार हातची गेली. मोटार घेतली होती सुमारे दहा लाख डॉलरला; विमा मात्र बावीस लाख डॉलरचा. पाण्यात शिरल्यावर तिचे इंजिन बराच वेळ चालूच राहिले आणि पाण्याने पुरते निकामी झाले. कथा पचलीही असती. पण शेजारून जाणाऱ्या दुसऱ्या मोटारीतील माणूस, इतकी दुर्मिळ मोटार आयुष्यात पुन्हा दिसावयाची नाही म्हणून, तिचे चित्रण करीत चालला होता. त्या चित्रफितीत मोटार सरळ पाण्यात जाताना दिसते. ब्रेक लागलेला दिसत नाही आणि पक्षी तर मुळीच दिसत नाही. पुढे २०१४ साली मालकाने विमा कंपनीच्या फसवणुकीचा गुन्हा कबूल केला आणि २०१५ मध्ये त्याला एक वर्ष व एक दिवसाची शिक्षा झाली. मोटार साधी असती तर कोणी तिचे चित्रण केले नसते, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

विमाशास्त्रात ज्याला नैतिक जोखीम म्हणतात त्याचे इतके स्वच्छ उदाहरण पाठ्यपुस्तकासाठी मुद्दाम रचूनही सापडले नसते. नुकसान झाले तर भरपाई मिळणार, ही खात्री माणसाला बेफिकीर करते. आणि भरपाई वस्तूच्या किमतीहून मोठी असेल तर नुकसान व्हावे अशी इच्छाही त्याच्या मनात निर्माण करते. परंतु या ठिकाणी हसणे थांबवून एक प्रश्न विचारावयास हवा. फजिती श्रीमंताची झाली हे खरे. पण बिल कोणाच्या नावे फाटले?

प्रामाणिक मालकांच्या बाबतीतही हा प्रश्न उरतोच. 'मिस्टर बीन' या भूमिकेमुळे भारतातही घरोघरी माहीत असलेले ब्रिटिश नट रोवन ॲटकिन्सन यांची मॅक्लारेन एफ-१ मोटार ऑगस्ट २०११ मध्ये केंब्रिजशायरमध्ये घसरून झाडावर आदळली. तिच्या दुरुस्तीपोटी विमा कंपनीने सुमारे नऊ लाख दहा हजार पौंड मोजले. ब्रिटनमध्ये एका मोटारीच्या दुरुस्तीसाठी एवढी रक्कम तोवर कोणी मोजली नव्हती. दुरुस्त होऊन आलेली ती मोटार २०१५ साली सुमारे ऐंशी लाख पौंडांना विकली गेली. या गृहस्थांविषयी एक गोष्ट नमूद करणे न्यायाचे होईल. अशा मोटारी घेऊन काचेच्या खोलीत झाकून ठेवणाऱ्यांपैकी ते नव्हेत. त्यांनी ती हजारो मैल चालविली. वस्तू वापरणाऱ्याच्या हातून ती कधीमधी मोडते, त्यात लाज वाटावी असे काही नाही. शिवाय अशा मोटारीचा विमा हप्ताही भारी असतो, तेव्हा तिच्या स्वतःच्या मोडतोडीचा खर्च बव्हंशी त्याच वर्गातील विमेदारांत वाटला जातो, असा युक्तिवाद करता येईल. तो बऱ्याच अंशी मान्य करावयास हवा.

अडचण आहे ती दुसऱ्या बाजूला, त्या जपानी ढिगातल्या प्रायसच्या बाजूला. भारतातील प्रचलित विमापत्रांत तृतीय पक्षाच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी मर्यादा घातलेली असते. मृत्यू वा शारीरिक इजेच्या भरपाईला तशी मर्यादा नाही. ती आहे ती वस्तूंच्या नुकसानीला. खासगी मोटारीच्या बाबतीत ती साधारणतः साडेसात लाख रुपये आणि दुचाकीच्या बाबतीत एक लाख रुपये असते. आता असे समजावे की, दादरच्या सिग्नलपाशी एका कारकुनाची स्कूटर पावसाळी रस्त्यावर घसरली आणि पुढे उभ्या असलेल्या इटालियन मोटारीच्या मागील बाजूस आदळली. चूक स्कूटरची, यात वाद नाही. त्या मोटारीचा बंपर, दिवा आणि हलक्या कार्बन तंतूंचे मागील आवरण परदेशातून मागवावे लागणार. यांपैकी पहिला एक लाख रुपये विमा कंपनी देईल. उरलेल्या रकमेचा दावा मालकाने वा त्याच्या विमा कंपनीने लावावयाचे ठरविले, तर तो त्या कारकुनावर, म्हणजे त्याच्या भविष्यनिर्वाह निधीवर आणि बायकोच्या दागिन्यांवर येतो. हाच अपघात उलट झाला, मोटारीने स्कूटरला ठोकरले आणि सुदैवाने माणूस बचावला, तर मोटारमालकाचे जास्तीत जास्त देणे किती? स्कूटरच्या किमतीएवढे. दोन्ही प्रसंगी कायदा एकच आहे. परंतु जोखीम एकाची ऐंशी हजारांची आणि दुसऱ्याची पाच-दहा लाखांची. आणि ही वाढीव जोखीम त्या कारकुनाने स्वतः निर्माण केलेली नाही. शेजारच्याने रस्त्यावर इतकी महाग वस्तू आणली, एवढ्यामुळेच ती निर्माण झाली.

अर्थशास्त्राच्या भाषेत हा बाह्य परिणाम होय. कारखान्याने नदीत सोडलेले पाणी जसे खालच्या गावाला प्यावे लागते, तसे. काचसामानाचे दुकान भर बाजारातील पायवाटेवर मांडणाऱ्याने येणाऱ्या-जाणाऱ्याच्या धक्क्याचा काही भाग स्वतःच्या हिशेबात धरावयास हवा, असे कोणीही समंजस माणूस म्हणेल. मग ठरावीक किमतीच्या पलीकडील मोटारीच्या मालकाने, दुसऱ्याच्या साध्या चुकीने होणाऱ्या नुकसानीतील मर्यादेबाहेरचा भाग स्वतःच्या विम्यातून सोसावा, असा नियम करण्यास काय हरकत आहे? दारू पिऊन वा बेफामपणे वाहन चालविणाऱ्याला ही सवलत नसावी, एवढे पथ्य पाळले म्हणजे झाले. ज्याला दोन-चार कोटींची मोटार परवडते त्याला या वाढीव विम्याचा हप्ता जड जाण्याचे कारण नाही. त्या कारकुनाला मात्र एका पावसाळी सकाळने देशोधडीला लागण्याची वेळ येऊ शकते.

रस्त्याविषयीही असेच काहीसे आहे. भाबडेपणाने अशी अपेक्षा करता येईल की, ज्या शहरात पोट जमिनीला टेकणाऱ्या मोटारी वाढतील त्या शहरातील रस्ते सुधारतील. कारण खड्ड्याचा जाच आता वजनदार लोकांना होऊ लागेल आणि त्यांचा आवाज महापालिकेत ऐकला जाईल. घडले ते निराळेच. मोटार कंपन्यांनी पुढचा भाग काही क्षणांपुरता उचलून धरणारे बटण दिले. गतिरोधक आला की बटण दाबावयाचे आणि पार व्हावयाचे. तेही पुरेना तेव्हा उंच बांधणीच्या मोटारी आल्या. लॅम्बोर्गिनीने २०१८ पासून भारतात उरुस ही तशी मोटार विकावयास घेतली आणि तिला येथे चांगले गिऱ्हाईक मिळाले. आल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली दाखवून दिले होते की, एखादी व्यवस्था बिघडली की तिच्या ग्राहकांपुढे दोन मार्ग असतात, बाहेर पडणे किंवा आवाज उठविणे. आणि ज्यांचा आवाज सर्वांत परिणामकारक ठरला असता तेच बहुधा सर्वांत आधी बाहेर पडतात. महापालिकेच्या शाळांचे हेच झाले, सरकारी इस्पितळांचे हेच झाले, नळाच्या पाण्याचेही हेच झाले. खड्ड्यांच्या बाबतीत बाहेर पडण्याचा मार्ग एका बटणाएवढा सोपा निघाला.

मात्र प्रत्येक वेळी बटण सापडतेच असे नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये बंगळूर शहरात मुसळधार पाऊस झाला तेव्हा येमलूर भागातील कोट्यधीशांच्या वसाहतीत पाणी शिरले. दारांत उभ्या असलेल्या बेंटली आणि लेक्सससारख्या मोटारी पाण्यात बुडाल्या आणि त्यांचे मालक नावांतून आणि ट्रॅक्टरवर बसून बाहेर पडले. बंगला, कुंपण, पहारेकरी, मोटार, सारे खासगी. परंतु पावसाचे पाणी वाहून नेणारा नाला सार्वजनिक, आणि तो बुजलेला. खासगी समृद्धी आणि सार्वजनिक दैन्य शेजारी शेजारी नांदते, असे निदान जॉन केनेथ गॅलब्रेथ यांनी १९५८ साली अमेरिकेविषयी केले होते. बंगळुरात ते शेजारी शेजारी नव्हते, एकावर एक होते. दैन्य वर आणि समृद्धी पाण्याखाली.

ट्रॅक्टरचा उल्लेख आला म्हणून एका जुन्या हकिगतीची आठवण होते. फेरूचिओ लॅम्बोर्गिनी हे मूळचे ट्रॅक्टरचे कारखानदार. त्यांच्याजवळच्या फेरारीचा क्लच वारंवार बिघडे. ते एंझो फेरारी यांच्याकडे तक्रार घेऊन गेले असता, ट्रॅक्टर चालविणाऱ्याने मोटारीतले काय सांगावे, असे उत्तर त्यांना मिळाले, अशी आख्यायिका आहे. संवाद खरा असो वा नसो, १९६३ साली त्यांनी सांत-आगाता येथे स्वतःचा मोटारींचा कारखाना काढला, हे खरे. अपमानित गिऱ्हाइकाने प्रतिस्पर्धी कारखाना काढून उत्तर देणे हे बाजारात शक्य असते. नाला तुंबला म्हणून दुसरी महापालिका काढता येत नाही.

मग या सार्वजनिक साधनासाठी कोण किती देते? महाराष्ट्रात दुचाकीवर, इंजिनाच्या आकारमानानुसार, किमतीच्या शेकडा दहा ते बारा या दराने एकरकमी मोटार वाहन कर घेतला जातो. पेट्रोलवर चालणाऱ्या खासगी मोटारींचा दर त्याहून थोडा चढा आहे. कागदावर हे रास्त दिसते. श्रीमंताने अधिक दराने द्यावे. परंतु मोटारींच्या करास कमाल मर्यादा आहे. ती पूर्वी वीस लाख रुपये होती. २०२५ च्या अर्थसंकल्पाने ती तीस लाखांवर नेली. म्हणजे पाच कोटींच्या मोटारीवर तीस लाख, शेकडा सहा. दहा कोटींच्या मोटारीवरही तीसच लाख, शेकडा तीन. शिक्षकाच्या स्कूटरवर मात्र शेकडा अकरा, आणि तिला कसलीही कमाल मर्यादा लागू होण्याचा प्रश्नच येत नाही. मर्यादा काढून टाकली तर असे मालक दुसऱ्या राज्यात नोंदणी करतील, असे सांगण्यात येते. ही भीती निराधार नाही. केरळातील काही चित्रपट कलावंतांनी आपल्या महागड्या मोटारी पुदुच्चेरीतील पत्त्यांवर नोंदविल्याचे प्रकरण २०१७ साली गाजले होते. परंतु मोटार जेथे रोज धावते तेथे पकडता येत नाही, हा युक्तिवाद अशा मोटारीच्या बाबतीत तरी हास्यास्पद आहे. लपविता येणार नाही अशी वस्तू म्हणूनच तर ती घेतलेली असते.

लोकांनी हसण्याऐवजी प्रश्न विचारला की काय घडू शकते याचा दाखलाही याच क्षेत्रात आहे, आणि तो मुंबईकरांच्या फार जवळचा आहे. सचिन तेंडुलकर यांनी डॉन ब्रॅडमन यांच्या एकोणतीस कसोटी शतकांची बरोबरी केली तेव्हा त्यांना फेरारी मोटार भेट देण्यात आली. ती भारतात आणताना सुमारे एक कोटी तेरा लाख रुपयांचे सीमाशुल्क माफ करण्याचा निर्णय २००३ साली झाला. सचिनवर जीव ओवाळून टाकणाऱ्या या देशात त्यावर टीका झाली, प्रकरण न्यायालयापर्यंत गेले आणि अखेरीस भेट देणाऱ्या कंपनीनेच ती रक्कम भरली. लोकांचे त्या खेळाडूवरील प्रेम तिळमात्रही कमी झाले नाही. भरणा झाला आणि विषय संपला. प्रेम आणि जकात या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येतात, हे त्या वेळी सामान्य माणसानेच दाखविले.

दंडाच्या बाबतीत मात्र तो अजून गप्प आहे. जानेवारी २०१० मध्ये स्वित्झर्लंडमधील सेंट गॅलन प्रांतात एका फेरारी टेस्टारोसाच्या चालकाला वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल दोन लाख नव्व्याण्णव हजार स्विस फ्रँक दंड झाला. न्यायालयाने त्याची संपत्ती पाहून आकारणी केली होती. फिनलंडमध्ये दंड माणसाच्या दिवसाच्या उत्पन्नावर बेतण्याची पद्धत १९२१ पासून आहे. त्यामागील विचार साधा आहे. दंड हा झोंबला पाहिजे, आणि दोघांना सारखा झोंबावयाचा तर तो दोघांना सारखा असून चालत नाही. आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीनंतर हलक्या मोटारीने वेगमर्यादा ओलांडल्यास दंड एक ते दोन हजार रुपये आहे. टॅक्सीवाल्याची ती दोन दिवसांची कमाई. स्पोर्ट्स मोटारीच्या मालकाला ती टाकीतल्या पेट्रोलच्या काही लिटरांएवढी पडते. अशा दंडाला दंड म्हणण्यापेक्षा वेगाचे तिकीट म्हणणे अधिक बरोबर होईल. सर्वांच्या उत्पन्नाची खातरजमा करणे आपल्या यंत्रणेला झेपणार नाही, हा आक्षेप योग्यच आहे. पण मोटारीची किंमत तर नोंदणीच्या कागदावर लिहिलेली असते. तिच्या शेकडा काही अंश दंड आकारण्यास प्राप्तिकर खात्याची गरज नाही.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यातील कल्याणीनगरात जे घडले त्यावर कोणी हसले नाही. एका भरधाव पोर्श मोटारीने मोटारसायकलीला धडक दिली आणि संगणक क्षेत्रात नोकरी करणारे दोन तरुण, एक युवक आणि एक युवती, जागीच गेले. मोटार सतरा वर्षांचा मुलगा चालवीत होता, असा पोलिसांचा आरोप. त्याला प्रथम जामीन देताना अपघातांविषयी तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घालण्यात आली तेव्हा साऱ्या महाराष्ट्रात संतापाची लाट उसळली, आणि तो संताप रास्तच होता. त्या गदारोळात परिवहन खात्याने उघड केलेली एक बाब मागे पडली. दीड कोटी रुपयांच्या पुढची ती मोटार मार्च महिन्यापासून नोंदणीवाचून राहिली होती. विजेवर चालणारी असल्यामुळे तिला मोटार वाहन कर माफ होता; भरावयाचे होते ते केवळ नोंदणीचे शुल्क, एक हजार सातशे अठ्ठावन्न रुपये. ते भरले गेले नव्हते, म्हणून तिला क्रमांक नव्हता. आणि क्रमांक नसलेली ती मोटार पुण्याच्या रस्त्यावर धावत होती. स्कूटर घेणाऱ्या शिक्षकाकडून कर आणि नोंदणीशुल्क विक्रेता दुकानातच मोजून घेतो. त्यावाचून किल्ली त्याच्या हातावर ठेवली जात नाही.